दुसरं टोक

१

भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे बसवायच्या नक्षीदार लाकडी पट्टीला इकडे क्राउन म्हणतात. बारा फुटी क्राउन एकट्याने चढवायचं असेल तर एक युक्ती करावी लागते. लांबच्या टोकाशी भिंतीत एक मोठा खिळा अर्धवट ठोकून ठेवायचा आणि पट्टीचं ते टोक त्या खिळ्यावर टेकवायचं. मग जवळच्या टोकाला यायचं, खिळे मारायच्या गनने बारीक खिळे मारायचे आणि शिडी सरकवत सरकवत पुढे जायचं. वीर ज्याच्या हाताखाली काम शिकला तो म्हातारा सुतार त्या मोठ्या खिळ्याला ‘तिसरा हात’ म्हणायचा.

मंगळवारी सकाळी दहा वाजता वीरने प्रीताताईच्या डायनिंग रूममध्ये खिडकीवरची पट्टी चढवली. बाहेर शेजाऱ्याचा माणूस पानं उडवायचं मशीन चालवत होता. खोलीत गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर धडधडत होता. वीरने डावं टोक कोपऱ्यात दाबलं, दोन खिळे मारले, खाली उतरला, शिडी सरकवली, पुन्हा चढला, आणखी दोन मारले. उजव्या टोकाला पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. पट्टी छताला सरळ रेषेत चिकटली होती. केस जाईल एवढीसुद्धा फट नव्हती.

उतरून, मागे सरकून त्याने काम बघितलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं. कॉम्प्रेसर बंद करायला तो वाकला आणि जिभेला लोखंडाची चव लागली.

मोठा खिळा अजून त्याच्या दातात होता.

त्याने तो हातावर घेतला. भिंतीकडे बघितलं. उजव्या कोपऱ्याखाली खिळ्याचं भोक नव्हतंच. त्याने तो ठोकलाच नव्हता. म्हणजे डाव्या टोकाला दोन खिळे मारून तो शिडी सरकवत होता, तेव्हा उजवीकडचं दहा फूट लाकूड हवेत होतं. ते खाली यायला हवं होतं.

‘फिट बसलं असणार,’ तो स्वतःशी म्हणाला. ‘कोपऱ्यात अडकून राहिलं.’

असं होतं कधीकधी. त्याने खिळा खिशात टाकला.

२

घर १९२७ सालचं. डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉयल ओकमध्ये, आईबाबांच्या ट्रॉयमधल्या घरापासून वीस मिनिटांवर. प्रीताताई आणि विनयजिजूंनी ते घेतलं तेव्हा आई म्हणाली होती, “एवढी शिकलीस आणि दुसऱ्याचं जुनं घर घेतलंस?” ताई हसली होती. ती कारच्या कंपनीत इंजिनिअर होती. आठवडाभर डॅशबोर्डचे प्लॅस्टिकचे सांधे बघायची आणि शनिवार-रविवार या घरातल्या लाकडाला हात लावत फिरायची.

डायनिंग रूमचं मूळ क्राउन आधीच्या कुणीतरी उखडून टाकलं होतं. बाकीच्या खोल्यांत ते शाबूत होतं. वीर दुकानातून तयार पट्ट्यांचे सहा नमुने घेऊन आला. ताईने एकेक नमुना हॉलमधल्या जुन्या पट्टीशेजारी धरून बघितला.

“हे बघ, याचं पोट सुटलंय. आपलं आधी सरळ उतरतं आणि मग वळतं.”

“ताई, नऊ फूट उंचीवर कोण बघणारे?”

“मी बघणार. जेवताना रोज वर बघणार आणि तुला शिव्या देणार.”

मग तिने कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात जुन्या पट्टीला करवतीने एक बारीक चीर पाडली, त्यात जाड कागद सरकवला आणि पट्टीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवून आकार उतरवून घेतला. त्या आकाराची पोलादी पाती वीरने घासून घेतली आणि तो काम करायचा त्या वर्कशॉपमध्ये पॉप्लरच्या मऊ लाकडाच्या फळ्या आठ-आठ वेळा मशीनखालून काढल्या. पहिला तुकडा त्याने ताईला आणून दिला. तिने तो जुन्या पट्टीला लावला, डोळे मिटले आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

“कळत नाही रे,” ती म्हणाली. “कुठे जुनं संपतं ते कळत नाही.”

वीर नऊ वर्षांचा असताना ते सगळे अकोल्याहून इकडे आले. ताई तेव्हा सतरा वर्षांची होती. इथल्या शाळेत त्याचं डोकं कधी चाललं नाही. संध्याकाळी किचन टेबलावर मेजरिंग टेप उलगडून पाव, अर्धा, पाऊण ताईनेच त्याला शिकवलं. अकरावीत त्याने शाळा सोडली तेव्हा आई रडली, बाबा बोलायचे बंद झाले, आणि ताईने त्याला टूलबॉक्स आणून दिला. तिच्याकडून मिळालेली शाबासकी त्याला दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आली असती. ‘कळत नाही रे’ ही त्यातली सगळ्यात मोठी.

दोघं मिळून पट्टी चढवताना त्यांचा एकच नियम होता, तोही तिनेच घातलेला. आपलं टोक सोडण्याआधी विचारायचं, “सोडू?” आणि दुसऱ्याने “सोड” म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही.

पहिली लांब भिंत त्यांनी तशी केली. दुसऱ्या लांब भिंतीच्या वेळी ताई शिडीवरून पडली. खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या लोखंडी कोपऱ्यावर तिचं डोकं आपटलं. विनयजिजू क्रिकेटची मॅच संपवून दोन तासांनी घरी आले, तेव्हा ती तिथेच होती.

ती एकटीच चढली होती, असं सगळे म्हणत होते.

३

दुपारी वीरने समोरच्या भिंतीची पट्टी कापली आणि तिला रंगाआधीचा पांढरा प्राइमर फासला. या वेळी त्याने मुद्दाम एक गोष्ट केली. कुणी का म्हणून विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पट्टी त्याने पाव इंच आखूड कापली. आता ती कोपऱ्यात अडकणं शक्य नव्हतं.

मोठा खिळा खिशातच राहू दिला.

तो शिडीवर चढला, डावं टोक छताला लावलं आणि वाट बघत राहिला. उजवं टोक अपेक्षेप्रमाणे झुकलं. लाकूड हळूहळू वाकत खाली आलं, हातभर खाली. वीरने सुटकेचा श्वास घेतला.

मग ते टोक वर गेलं.

झटक्याने नाही, बेताने गेलं. आधी सरळ झालं, मग छताला टेकलं, मग दोनदा दाबलं गेलं, टक्, टक्. आणि मग पट्टी त्याच्या हातातून जराशी उजवीकडे ओढली गेली. पाव इंच फट दोन्हीकडे सारखी वाटून घ्यावी तशी.

ताईला ही सवयच होती. दोनदा दाबायची आणि मग आपल्या बाजूला ओढून घ्यायची. तो नेहमी चिडायचा, “अगं, मला पाडशील!”

वीरने उजवीकडे मान वळवली नाही. डोळ्यांसमोरच्या लाकडाच्या रेषा बघत राहिला. पॉप्लर ओलं असेल, पीळ देत असेल. ऑक्टोबरात हीटर पहिल्यांदा लावला की लाकूड हलतं. हे सगळं त्याने मनात नीट मांडलं आणि त्यातल्या एकाही वाक्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

त्याने खिळे मारले. ते सरळ गेले. त्याच्या हातांना पट्टीतून कळत होतं की पलीकडे कुणीतरी भार घेतलाय. मोबाइलवर बोलताना पलीकडचं माणूस गप्प असलं तरी ते आहे हे कळतं, तसं.

४

विनयजिजू चार वाजता चहा घेऊन आले. दोन मग, एक स्टीलचा, एक काचेचा. ताई गेल्यापासून ते घरूनच काम करायचे. लॅपटॉप वरच्या खोलीत उघडा असायचा आणि ते जिन्यात बसलेले असायचे.

“दोन भिंती झाल्या की रे,” ते म्हणाले. “मला वाटलं आठवडा लागेल.”

“होतंय पटापट.”

“एकट्याने?”

वीरने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली. “हो.”

“तुझी ताई म्हणायची, वीरचा हात चांगला आहे, फक्त डोकं गरम.” ते किंचित हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. “तुला सांगू? त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, आज मॅच कॅन्सल करतोस का. मी म्हटलं, यार, पुढच्या शनिवारी करू. एवढंच बोललो. पुढच्या शनिवारी.”

“जिजू, तुमची काय चूक.”

“मग कोणाची?”

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं होतं. उत्तर वीरच्या घशापर्यंत आलं. बाहेर शाळेची पिवळी बस थांबली, दार उघडल्याचा फुसकारा झाला, बस निघून गेली.

“रियल इस्टेटवाली बाई शुक्रवारी फोटो काढायला येणार,” जिजू उठत म्हणाले. “मला इथे राहवत नाही, वीर. पण ही खोली अर्धवट ठेवून जाणं... तिला आवडलं नसतं.” दारात त्यांनी वर बघितलं. “आणि ते पुसून घे हं. प्राइमरला बोटं लागलीत तुझी.”

ते गेल्यावर वीर खुर्चीवर चढला. नव्या पट्टीच्या उजव्या टोकाशी, खालच्या कडेला, ओल्या पांढऱ्या प्राइमरमध्ये चार ठसे होते. जवळजवळ, नेटके. त्याने आपली बोटं त्यांच्यावर धरली. त्याचं एक बोट दोन ठशांवर पसरलं.

ते त्याने पुसले नाहीत.

५

त्या शनिवारी वीर तिथे होता.

सकाळपासून तिघा-चौघांचं काम दोघं करत होते. ताई माप सांगत होती, तो गॅरेजमध्ये कापत होता. एक पट्टी आखूड कापली गेली, मग दुसरी. वर्कशॉपमध्ये रात्र घालवून काढलेलं लाकूड वाया चाललं होतं, आणि चूक त्याचीच होती, म्हणून त्याला जास्त राग येत होता.

“तीनदा सांगितलं पाऊण,” शिडीवरून ताई म्हणाली. “चौथीतलं पोर कापेल.”

“मग बोलव चौथीतल्या पोराला.”

“वीर, नाटकं नको. धर नीट.”

“धरलंय!”

“खाली गेलंय तुझं टोक. एक काम, फक्त एक काम शेवटपर्यंत करून दाखव मला.”

चौदा फूट लाकूड दोघांच्या मधे होतं. तिचे दोन्ही हात वर, टाचा उचललेल्या. त्याने विचारलं नाही. हात काढून घेतले, शिडीवरून उडी मारली आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

दार त्याच्यामागे आपटलं. आतून लाकूड पडल्याचा आवाज आला. त्यानंतर आणखी एक आवाज आला, जाड आणि आखूड.

तो अंगणात थांबला होता. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. चांगला दहा आकडे मोजेपर्यंत थांबला होता. ती ओरडेल, ‘वीऱ्या, मूर्खा, परत ये’ म्हणेल, म्हणून वाट बघत होता. ती काही बोलली नाही. तो मनात म्हणाला, रुसली. आणि ट्रक काढून निघून गेला.

डॉक्टर नंतर बाबांना म्हणाले की पहिल्या तासात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

६

बुधवारी एकच भिंत उरली होती. तीच भिंत.

जिजूंनी रेडिएटरवर जुनी चादर घातली होती. वीरने चौदा फुटी पट्टी कापली. या वेळी माप चार वेळा घेतलं. माप बरोबर आलं. मग तो बराच वेळ गॅरेजमध्ये पट्टीजवळ बसून राहिला.

ती धरणार होती. आता त्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठं दुसरं काहीतरी होतं. आज तो विचारणार होता. टोक हातात असताना, नियमाने, “सोडू?” म्हणून विचारणार होता. आणि ती “सोड” म्हणाली तर... त्यापुढे त्याला विचार करता येत नव्हता. छातीत इतके दिवस वळलेली मूठ तेवढ्या एका शब्दाने उघडेल, एवढंच त्याला वाटत होतं.

आणि मग त्याच्या डोक्यात ते आलं. ती कशावर उभी राहणार?

दुसऱ्या कुणी हा विचार तिथेच थांबवला असता. वीरला डोक्यात आलेली गोष्ट थांबवता यायची नाही. तो तळघरात गेला. जिजूंनी ताईची शिडी बॉयलरमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तो ती वर घेऊन आला आणि लांबच्या कोपऱ्याशी उघडून ठेवली. हलवून बघितली. जमीन सपाट होती.

मग स्वतःच्या शिडीवर चढून त्याने डावं टोक छताला लावलं.

लांबचं टोक या वेळी झुकलंच नाही. आधी समोरच्या शिडीचे चारही पाय जमिनीत किंचित रुतल्यासारखे झाले. जुन्या फळ्या दबल्या. मग पट्टी वर गेली. टक्, टक्. आणि त्याच्या हातांना तिची ती ओळखीची ओढ लागली.

“ताई,” तो म्हणाला.

रेडिएटरमध्ये पाणी गुळगुळलं.

“ताई, माझं चुकलं. मी विचारलं नाही.” त्याचा आवाज चिरकला. “आता विचारतो. सोडू?”

त्याने आपलं टोक छताला आणखी घट्ट दाबलं.

“सोडू का, ताई?”

पट्टी हातात जिवंत होती. पलीकडून भार जराही कमी झाला नाही. उलट वाढला, पकड घट्ट केल्यासारखा. तेव्हा वीरच्या लक्षात आलं की घाईघाईत त्याने खिळ्यांची गन खाली जमिनीवरच ठेवली आहे. वाकून घ्यायची तर एक हात काढावा लागणार होता. आणि समोर, त्या शिडीवर, दोन्ही हात वर करून, टाचा उचलून ती उभी होती.

त्यानेच तिला तिथे उभं केलं होतं.

७

जिजू आले तेव्हा किती वेळ गेला होता कोण जाणे. वीरचे खांदे पेटले होते. घाम डोळ्यांत उतरत होता.

“वीर? मीटिंगमध्ये तुझा आवाज येत होता. कोणाशी...” ते दारातच थांबले. त्यांनी वीरला बघितलं, चौदा फूट पट्टी बघितली, छताला टेकलेलं तिचं दुसरं टोक बघितलं. खाली रिकामी शिडी बघितली. “ही वर कोणी आणली?”

“मी.”

“उतर खाली.”

“नाही उतरता येत. मी सोडलं तर ती पडेल.”

“कोण?”

“जिजू, त्या दिवशी मी इथे होतो.” एकदा तोंड उघडल्यावर शब्द आपोआप पडत गेले. “ती एकटी नव्हती. आमचं भांडण झालं. तिने धरलं होतं आणि मी माझं टोक सोडून दिलं. मी बाहेर उभा होतो. मला आवाज आला. मला ऐकू आलं, जिजू, आणि मी निघून गेलो.”

जिजूंच्या चेहऱ्यावरून सात आठवडे एकापाठोपाठ एक सरकत गेल्यासारखे वाटले. क्रिकेट, जिना, दोन मग.

“दोन तास, वीर,” ते म्हणाले. “दोन तास.”

ते खोलीत आले. वीरला वाटलं, आता हे आपल्याला खाली खेचणार. त्याला ते हवंही होतं. पण जिजू त्याच्याकडे आले नाहीत. त्याच्याकडे बघितलंही नाही. ते खोली ओलांडून सरळ दुसऱ्या शिडीपाशी गेले, तिच्या समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी तिच्या कडा घट्ट धरल्या. हातांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांचे डोळे गपकन मिटले.

“मी धरलीय,” ते हळूच म्हणाले. “ये. सावकाश ये.”

पट्टीचं लांबचं टोक छतापासून सुटलं. पडलं नाही. जपून, वीतवीत खाली येत राहिलं, आणि त्याबरोबर शिडीच्या पायऱ्या वरून खाली एकेक करून दबत गेल्या. टोक आवाज न करता जमिनीला टेकलं. जिजूंच्या डाव्या खांद्यावर शर्ट आत दाबला गेला. उतरणारं माणूस शेवटच्या पायरीवर आधाराला हात ठेवतं तसा. चार सुरकुत्या पडल्या, क्षणभर राहिल्या आणि सपाट झाल्या. जिजू रडत होते. डोळे त्यांनी उघडले नाहीत.

वीर तिरप्या झालेल्या पट्टीचं आपलं टोक अजून डोक्यावर धरून उभा होता. त्याने श्वास सोडला. उतरली, त्याला वाटलं. झालं.

पट्ट्यांवरून जमिनीवर झडलेल्या लाकडाच्या भुशात एक पाऊल उमटलं. अनवाणी. मग दुसरं, खोलीच्या मध्यावर. तिसरं चादरीने झाकलेल्या रेडिएटरच्या अलीकडे.

“जिजू,” वीर म्हणाला. जिजूंनी तिकडची शिडी सोडली नव्हती. “जिजू, इकडे या.”

त्याच्या पायांखाली, सगळ्यात खालच्या पायरीवर, कुणीतरी पाय ठेवला. शिडी त्या बाजूला कलली. ही शिडी कुणीच धरलेली नव्हती.